सख्खे भाऊ वाटणीच्या वेळीच का भांडतात?

प्रश्न थोडक्यात असा. विचारणारे थोरले भाऊ पुण्यात नोकरीला आहेत. गाव सांगली जिल्ह्यात, सात एकर जमीन, विहिरीचं पाणी. वडील गेल्या वर्षी वारले. धाकटा भाऊ गावी शेती करतो, आई त्याच्याजवळ असते, बहीण कोल्हापूरला दिली आहे. वर्षश्राद्ध झाल्यावर थोरल्याने ‘माझे साडेतीन एकर कुठले ते दाखव’ असं म्हटलं. धाकटा म्हणाला, ‘आईबापाचं केलं मी, जमीन कसली मी, आता वाटा मागायला आलास होय?’ त्यानंतर तो फोन उचलत नाही. ‘पैशापुढे सख्खा भाऊ इतका बदलतो का? आणि मी दावा टाकावा का?’

दाव्याचं शेवटी सांगतो. पहिल्या प्रश्नाचं उत्तर आधी, कारण वकिलाच्या टेबलाशी ते सहसा कुणी ऐकायला तयार नसतं.

तालुक्याच्या दिवाणी कोर्टात वाटणीचे दावे चालवण्यात माझं आयुष्य गेलं. अलीकडे मध्यस्थ म्हणूनही बसतो. या सगळ्या काळात ‘भाऊ बदलला’ हे वाक्य मी दोन्ही बाजूंच्या पक्षकारांकडून ऐकत आलोय, बऱ्याचदा एकाच दिवशी आणि एकाच बाकावर. कुणीही बदललेलं नसतं. बाप जिवंत असतो तोवर प्रत्येकाच्या मनातला हिशेब मनातच राहतो. थोरला मनात म्हणतो, मी पैसे पाठवतो म्हणून घर चाललंय. धाकटा म्हणतो, मी आहे म्हणून घर उभं आहे. दोघंही बापासमोर ते बोलत नाहीत. बाप गेला की फक्त ऐकणारा बदलतो. तुमचा भाऊ त्या दिवशी जे बोलला ते त्याने दहा वर्षं बोलून ठेवलेलं असणार, फक्त तुमच्यापुढे नाही.

आता जरा कडू बोलतो. तुम्ही ‘माझे साडेतीन एकर’ लिहिलंय. सात एकरांचे दोन भाग केले की साडेतीन होतात, हे बरोबर. पण आई आहे आणि बहीण आहे. वडिलांनी मृत्युपत्र केलेलं नसेल आणि आधी वाटप झालेलं नसेल, तर जमीन त्यांनी स्वतः घेतलेली असो की आजोबांकडून आलेली असो, तुमच्या घरात आकडा एकच येतो: चौघांना चौथा हिस्सा. स्वकष्टाची असेल तर बायको, दोन मुलगे आणि मुलगी सरळ समान वारस. वडिलोपार्जित असेल तर मृत्यूच्या आदल्या क्षणी वाटप झालं असं धरून वडील, आई आणि तुम्ही तिघं भावंडं असे पाच भाग पडतात, आणि वडिलांचा पाचवा भाग पुन्हा चौघांत वाटला जातो. गणित फिरून तिथंच येतं. सात एकर म्हणजे २८० गुंठे. तुमचे ७०, म्हणजे एक एकर तीस गुंठे. तुम्ही मागताय त्याच्या निम्मे.

तुम्ही लबाड आहात असं मला म्हणायचं नाही. तुमचा भाऊही बहुधा साडेतीनच धरून बसला असेल, नाहीतर सातच्या सात. आई आणि बहीण दोघांच्याही हिशेबातून गळाल्यात, आणि गळाल्यात हे दोघांच्याही लक्षात आलेलं नाही. माणूस हिशेब मांडताना आकडे खोटे लिहीत नाही, गैरसोयीची ओळ त्याला दिसतच नाही. या धंद्यात मला सगळ्यात आधी हेच कळलं, आणि पक्षकारांना पटवून द्यायला सगळ्यात जास्त वेळ यालाच लागतो.

मायकेल रॉस आणि फिओरे सिकोली या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये जोडप्यांना वेगवेगळं बसवून विचारलं होतं की घरातल्या कामात तुमचा वाटा किती. नवरा-बायकोच्या आकड्यांची बेरीज बहुतेक जोडप्यांत शंभराच्या वर गेली. स्वतः केलेलं आपल्याला आठवतं, कारण तेव्हा आपण तिथं होतो. दुसऱ्याने केलेल्यातलं निम्मं तर आपण पाहिलेलंच नसतं. तुम्ही बोअरला पाठवलेले पैसे, वडिलांच्या ऑपरेशनचं बिल, बहिणीच्या लग्नाला काढलेलं कर्ज, हे सगळं बँकेच्या पासबुकात तारखेसकट आहे. भावाने वडिलांना रात्री उठून किती वेळा बाहेर नेलं, त्यांचे कपडे किती वेळा धुतले, रात्रपाळीच्या विजेवर पाणी द्यायला किती हिवाळे गेला, याची नोंद कुठल्याच पासबुकात नाही. म्हणून तो ‘मी केलं’ एवढंच म्हणू शकतो. तुम्हाला ते मोघम वाटतं, त्याला तुमची पावती हलकी वाटते. दोघं खरं बोलताय, हीच पंचाईत आहे. एक जण खोटं बोलत असता तर कोर्टाचं काम सोपं झालं असतं.

भांडण जमिनीवरून होतं अशी समजूत आहे. जमीन हे त्याचं नाव असतं. माझ्यासमोर दोन भाऊ दोन-तीन गुंठ्यांच्या पट्टीवरून इतकी वर्षं लढले की त्या पट्टीच्या किमतीपेक्षा जास्त पैसा मोजणी, कोर्ट कमिशनर, वकील आणि एस.टी.च्या भाड्यात गेला. दोघंही हिशेबाला पक्के, एक तर सोसायटीचा माजी चेअरमन. मध्यस्थीला बसल्यावर, तिसऱ्या की चौथ्या बैठकीत, धाकट्याच्या तोंडून बाहेर पडलं की थोरल्याच्या मुलीच्या लग्नात सुपारी फोडायला त्याला बोलावलं नव्हतं. पत्रिका दुसऱ्याच्या हातून आली. थोरल्याचं म्हणणं, त्याआधी तूच वास्तुशांतीला आला नव्हतास. दाव्याच्या कागदांत या दोन्ही गोष्टींचा उल्लेख नव्हता, आणि असायचं कारणही नव्हतं. कायद्याला हद्द समजते, अपमान समजत नाही.

अर्थशास्त्रातला एक प्रयोग याच्याशी जुळतो. जर्मनीत वेर्नर ग्यूट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८२ मध्ये तो पहिल्यांदा मांडला. एकाला रक्कम द्यायची, त्याने दुसऱ्याला त्यातला वाटा देऊ करायचा. दुसऱ्याने नाकारला तर दोघांनाही काही नाही. निव्वळ फायदा पाहिला तर दुसऱ्याने मिळेल ते घ्यायला हवं. प्रत्यक्षात वाटा फारच तुटपुंजा असला की बरेच लोक तो नाकारतात, स्वतःचं नुकसान करून समोरच्याला रिकामं पाठवतात. आमच्या कोर्टाच्या आवारात हा प्रयोग रोज चालतो. लोक त्याला मूर्खपणा म्हणतात. मला तो मूर्खपणा वाटत नाही. ज्याला कुणी मोजत नाही असं वाटतं, तो निदान अडवून तरी स्वतःला मोजायला लावतो. ‘मिळालं नाही तरी चालेल, पण त्याला मिळू देणार नाही’ हे वाक्य शांत, देवभक्त, माळकरी माणसांच्या तोंडून मी ऐकलंय.

हे आजकालचं आहे, पूर्वी माणसं चांगली होती, असं जे सांगतात त्यांनी आपला इतिहास वाचावा. औरंगजेबानंतर शाहू महाराज सुटून आले, १७०७ मध्ये खेडला ताराबाईंच्या फौजेशी लढाई झाली, आणि घराणं सातारा आणि कोल्हापूर असं फाटलं. तेवीस-चोवीस वर्षं चुलत घरं एकमेकांविरुद्ध उभी होती. कोल्हापूरचे संभाजी महाराज तर मध्ये निजामाला जाऊन मिळाले. घरातल्या भांडणात तिऱ्हाईत आणायची खोड तेव्हाचीच. १७३० मध्ये वारणेकाठी साताऱ्याच्या फौजेने कोल्हापूरकरांचा तळ लुटला, राजघराण्यातल्या स्त्रिया हाती लागल्या. इथं शाहूंनी जे केलं ते मी मध्यस्थीला बसणाऱ्या प्रत्येक ‘वरचढ’ पक्षाला सांगतो. जिंकलेल्या बाजूने त्या स्त्रियांना सन्मानाने वागवलं आणि परत पाठवलं. ताराबाईंनी मात्र साताऱ्यातच राहणं पत्करलं. पुढे दोघा भावांची कऱ्हाडजवळ रीतसर भेट झाली. आणि मग, एप्रिल १७३१ मध्ये, वारणेचा तह झाला. वारणा नदी ही हद्द ठरली.

इतिहासकार त्याला तह म्हणतात, माझ्यासारख्याला ते वाटणीपत्र दिसतं. हद्द दोघांनाही डोळ्यांनी दिसेल अशी, लेखी, आणि त्याआधी मान दिलेला. त्यानंतर दोन्ही गाद्या आपापल्या जागी राहिल्या: साताऱ्याची इंग्रजांनी १८४८ मध्ये खालसा करेपर्यंत, कोल्हापूरची १९४९ च्या विलीनीकरणापर्यंत. क्रम उलटा असता, म्हणजे आधी नदी आणि मग भेट, तर तो कागद किती टिकला असता याची मला शंका आहे.

पेशव्यांच्या घरात उलट घडलं. राघोबादादांची बाजू आपण कधी ऐकूनच घेत नाही, कारण शेवट आपल्याला ठाऊक असतो. त्यांच्या मनातला हिशेब पाहा. १७५८ मध्ये अटकेपर्यंत फौजा गेल्या त्या त्यांच्या नावावर. पानिपतानंतर नानासाहेब गेले, आणि गादीवर सोळा वर्षांचा पुतण्या. ‘मी झिजलो आणि मालकी पोराला’ हे तुमच्या भावाचंच वाक्य आहे, फक्त सात एकरांऐवजी राज्याचं. माधवराव कर्तबगार होते म्हणून १७६८ मध्ये धोडपला काकांना हरवून त्यांनी शनिवारवाड्यात नजरकैदेत ठेवलं. भांडण त्याने दबलं, मिटलं नाही. नोव्हेंबर १७७२ मध्ये माधवराव गेले आणि पुढच्याच वर्षी, ३० ऑगस्ट १७७३ ला, त्याच वाड्यात नारायणरावांचा खून झाला. रामशास्त्री प्रभुण्यांनी राघोबांना दोषी धरलं. बारभाईंनी त्यांना बाजूला सारलं, आणि ते इंग्रजांच्या दारात गेले. १७७५ च्या सुरतेच्या तहात साष्टी आणि वसई देऊ केली. म्हणजे हिस्सा मिळवायला घरचाच मुलूख तिसऱ्याला लिहून दिला.

तालुक्यातले तिऱ्हाईत इंग्रजांइतके मोठे नसतात, पण काम तेच करतात. भांडणारा धाकटा दिसला की त्याला तारखेला जायला गाडी देणारा, वकिलाची फी उसनी देणारा, ‘तुझा हिस्सा मी कोर्टातनं काढतो, फक्त साठेखत, म्हणजे विक्रीचा करार, करून ठेव’ म्हणणारा कुणीतरी भेटतोच. भावकीतले काही जण तर दोन्हीकडे चहा पिऊन दोन्हीकडे ‘तुझंच बरोबर आहे’ सांगून येतात. त्यांना पैसा मिळत नाही, पण दुसऱ्याचं घर फुटताना बघण्यात एक समाधान असतं, आणि ते चांगल्या चांगल्या माणसांना असतं. हेही मनुष्यस्वभावाचंच अंग. तुम्हाला ‘तुझ्यावर अन्याय झालाय’ सांगणारे गेल्या महिन्यात किती जण भेटले ते आठवा, आणि त्यातल्या कुणी भावाकडे जाऊन शब्द टाकला का, तेही.

एक जुनी पळवाट इथंच बंद करतो: ‘बायका आल्या आणि घर फुटलं.’ पुरुषांना स्वतःला जे हवं असतं ते बायकोच्या तोंडी घालून मागायची सोय आपल्याकडे आहे. भाऊ भावाकडे हिस्सा मागायला लाजतो, मग ‘ही ऐकत नाही’ म्हणतो. जाऊबाईंचं पटत नसेलही, पण दाव्यावर सही पुरुषाची असते.

बहिणीचं मात्र वेगळं सांगायला हवं. ९ सप्टेंबर २००५ पासून मुलगी जन्मानेच सहदायाद आहे, म्हणजे वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकीच हिस्सेदार. महाराष्ट्रात तर १९९४ लाच तशी दुरुस्ती झाली होती, पण त्यातून आधी लग्न झालेल्या मुली वगळल्या होत्या. वडील २००५ मध्ये हयात असायला हवेत का, हा घोळ सर्वोच्च न्यायालयाने ऑगस्ट २०२० मध्ये संपवला: नकोत. कायदा असा स्वच्छ झाला तरी तहसील आणि दुय्यम निबंधक कचेरीत हक्कसोडपत्रांची रांग कमी झालेली मी पाहिली नाही. बहिणी सही करतात, कारण माहेर तुटेल ही भीती खरी आहे. भावाने हिस्सा मागितला तर तो हक्क, बहिणीने मागितला तर ती लोभी. हे बोलायची गरजही नसते, दिवाळीला ओवाळताना ते कळतं. म्हणून साडी-चोळी आणि जेवण देऊन सही घेण्याआधी तिला एकटीला विचारा, आणि ‘मला नको’ म्हणाली तर तिच्या मुलांसमोर पुन्हा एकदा विचारा. ती खरंच सोडत असेल तर आनंद आहे, पण कागद नोंदणीकृत हवा. तलाठ्यासमोरच्या जबाबावर हक्क सुटत नाही. कित्येक दाव्यांचं मूळ अशाच एखाद्या जुन्या अंगठ्यात असतं.

कायदा समान झाला की भांडणं संपतात असंही नाही. गोव्यात पोर्तुगीज दिवाणी कायद्यापासून मुलामुलींना समान वारसा आहे, आईबापांना निम्म्याहून जास्त मालमत्ता मृत्युपत्राने फिरवता येत नाही, वाटपासाठी इन्व्हेंटरीची वेगळी प्रक्रिया आहे, आणि तिच्यात वारसांनाच आपसात बोली लावून घर घेता येतं. याहून नेटकी व्यवस्था आपल्याकडे क्वचितच असेल. तरी गोव्यातल्या गावांतून फिरताना कौलं ढासळलेली, कुलूप लावलेली मोठाली घरं दिसतात, आणि चौकशी केली की बहुतेक वेळा वारस एकमताचे नसतात. समान वाटा मिळाला तरी दुसऱ्याला आपल्याइतकाच मिळाला हे सोसणं राहतंच.

आता पैशाबद्दल, कारण तुमचा प्रश्न ‘पैशापुढे’ असा होता. पैसा स्वभाव बदलत नाही, तो घाई आणतो. जिरायत माळ असतो तोवर ‘बघू पुढच्या वर्षी’ चालतं. समृद्धी महामार्गासारखं काही गेलं, ७०१ किलोमीटरच्या पट्ट्यात गटांची किंमत एका अधिसूचनेने बदलली, की ज्यांनी पंचवीस वर्षं बांधावर पाऊल टाकलं नव्हतं ते नातेवाईक हरकत अर्ज घेऊन येतात. मोबदला मग कोर्टात जमा होतो आणि तिथं पडून राहतो. मुंबईतल्या चाळींच्या पुनर्विकासात हेच होतं, फक्त बांधाऐवजी खोली असते, आणि ‘पागडी कुणी भरली’ हा प्रश्न असतो. परदेशी गेलेल्या भावंडांत आणखी एक तिढा: मुखत्यारपत्र दिलेल्या भावावर विश्वास ठेवला म्हणून स्वतःला मोठं समजायचं, आणि दर महिन्याला ऑनलाइन सातबारा बघायचा.

दाव्याकडे येतो. वाटणीचा दावा टाकला तर काय होतं ते नीट समजून घ्या. दाव्याच्या मसुद्यात मी लिहिणार की प्रतिवादीने ‘दुष्ट बुद्धीने’ तुमचा हिस्सा नाकारला. भावाचा वकील कैफियतीत लिहिणार की तुम्ही ‘कुटुंबाकडे पूर्णतः दुर्लक्ष केले’. ही आमची ठरलेली भाषा आहे, आम्ही दोघं वकील संध्याकाळी एकत्र चहा पितो. पण तुम्ही दोघं ती वाचता. आणि मी असं वारंवार पाहिलंय की वर्ष-दोन वर्षांत पक्षकाराची आठवणच दाव्यासारखी होते. सुरुवातीला ‘तो तसा वाईट नाही हो, पण’ म्हणणारा माणूस उलटतपासाला उभा राहीपर्यंत शपथेवर आणि मनापासून सांगतो की भावाने लहानपणापासून छळलं. तो खोटं बोलत नाही. त्याने तो कागद इतक्या वेळा वाचलेला असतो की तेच घडलं असं त्याला दिसतं. दाव्याची सगळ्यात मोठी किंमत मला ही वाटते; कोर्ट फी आणि वेळ त्याच्या मागाहून.

वेळेचंही सांगतो. आधी प्राथमिक हुकूमनामा होतो, त्यात फक्त हिस्से ठरतात. शेतसारा असलेल्या जमिनीचं प्रत्यक्ष वाटप दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ५४ प्रमाणे जिल्हाधिकाऱ्यांकडे जातं, तिथून तहसीलदार, तिथून भूमी अभिलेखची मोजणी, ‘सरस-निरस मानाने’ (चांगली-हलकी जमीन पाहून) वाटपाचा तक्ता, त्यावर हरकती, मग ताबा. मध्ये अपिलं. दावा टाकणारा आणि ताबा घेणारा माणूस एकच असेल याची हमी कुणी देत नाही, आणि मी बापाचा दावा नातवाला समजावून सांगितलाय.

त्याऐवजी तुम्ही काय करावं? नोटीस पाठवू नका. गावी जा, आणि पहिल्या भेटीत जमिनीचा विषय काढू नका. भावाला म्हणा, ‘तू आईवडिलांसाठी काय काय केलंस ते मला सांग, मला सगळं माहीत नाही.’ आणि तो बोलताना मध्ये ‘पण मीही’ म्हणू नका. हे ऐकायला बाळबोध वाटतं, आणि शिकल्यासवरलेल्या माणसांना ते सर्वांत जड जातं. माझा अनुभव असा की ज्याचं ऐकून घेतलं तो हिस्सा द्यायला दरवेळी तयार होतोच असं नाही, पण त्याची मागणी आकड्यात येते. ‘मी केलं’ याचं ‘विहिरीचा खर्च आणि आईच्या औषधाचे पैसे वेगळे धरा’ असं होतं. आकड्यावर तडजोड होते. ‘मी केलं’ यावर होत नाही.

दुसऱ्या बैठकीत आई आणि बहीण हवीतच. साडेतीनची मागणी तुम्हीच आधी मागे घ्या, ‘माझं चुकीचं होतं, चार हिस्से आहेत’ असं सगळ्यांसमोर म्हणा. मग देणंघेणं जमिनीपासून वेगळ्या कागदावर लिहा: कुणी काय खर्च केला, सोसायटीचं कर्ज कुणाच्या नावावर, मोटरचं वीजबिल किती थकलंय. आईचा चौथा हिस्सा तिच्याच नावावर राहू द्या. तो पुढे कुणाला जाईल यावर आत्ता एक शब्द काढू नका. आई कुणाकडे राहील हे तिला विचारायचं असतं, भावांनी आपसात ठरवायचं नसतं.

वाटे पाडताना जुनी रीत वापरा. थोरल्याने वाटे पाडायचे, उचलायचे मात्र धाकट्याने आधी. कुठलाही मोजणीदार याहून न्याय्य वाटप करून देत नाही, कारण पाडणाऱ्याला ठाऊक असतं की वाईट पडलेला वाटा आपल्याच पदरात येईल. सारखे वाटे पडत नसतील तर चिठ्ठ्या टाका, लहान मुलाकडून उचला.

आणि लिहिताना मोठ्या गोष्टींपेक्षा बारक्या गोष्टी लिहा. क्षेत्र सगळेच लिहितात, भांडण पुढे होतं ते वेगळ्याच गोष्टींवरून. विहिरीच्या पाण्याची पाळी कुणाची, कुठल्या वारी, आणि वीज रात्रीची असेल तर ती पाळी कशी बदलायची. मोटर आणि कनेक्शन कुणाच्या नावावर. मागच्या शेतात जायला गाडीवाट किती फुटांची, आणि ऊसतोडीला ट्रॅक्टर-ट्रॉली कुठून जाईल. बांधावरच्या आंब्याची फळं कुणाची, वाळला तर लाकूड कुणाचं. खळ्याची जागा, गोठा, कडबा ठेवायची जागा. देवघरातले टाक कुठं राहतील, कुलदैवताच्या जत्रेला नैवेद्य कोण नेईल, वडिलांचं श्राद्ध कुठं होईल. हसू नका; टाकांवरून फुटलेलं समेटपत्र मी पाहिलंय, एकरांवरून ठरलेलं असूनही. पूर्वी तोंडी वाटप झालेलं असेल आणि एकाच्या नावचा गट दुसरा कसत असेल, तर अदलाबदलीचा दस्त रीतसर करून घ्या. अशाच दुरुस्तीसाठी शासनाने २०२३ मध्ये ‘सलोखा’ योजना आणली होती. तिच्या अटी आणि मुदत दुय्यम निबंधकांकडे विचारून घ्या.

सगळं ठरलं की वाटणीपत्र नोंदवा आणि फेरफार, म्हणजे महसूल दप्तरात नावांचा बदल, करून घ्या. किंवा सर्वांची संमती असेल तर महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ८५ खाली तहसीलदारांकडे अर्ज करा. सातबारा हा मालकीचा अंतिम पुरावा नाही, तो महसुलाचा कागद आहे. पण त्यावर सगळ्यांची नावं वेगळी आली की गावाला गप्प बसावं लागतं, आणि हा फायदा कमी नाही.

भाऊ ऐकायलाच तयार नसेल तर मध्यस्थाला मध्ये घ्या. मध्यस्थ नात्यातला असू नये. गावातला एखादा निवृत्त शिक्षक, डॉक्टर, ज्याला तुमच्या जमिनीत रस नाही असा माणूस चालतो. तालुका विधी सेवा समितीकडे दाव्याआधीही अर्ज करता येतो. दावा दाखल झाल्यावर लोकअदालतीत मिटला तर तो निवाडा हुकूमनाम्यासारखा असतो, त्यावर अपील नाही, आणि भरलेली कोर्ट फी परत मिळते.

थांबू नये असे प्रसंगही आहेत. भाऊ किंवा कुणीही जमीन विकायच्या बेतात असेल, साठेखत झालं असेल, किंवा वडिलांच्या नावाने अचानक एखादं मृत्युपत्र पुढे आलं असेल, तर मग माझा वरचा सगळा उपदेश बाजूला ठेवा आणि दावा टाका. त्यासोबत निशाणी ५ खाली तूर्तातूर्त मनाईचा अर्ज द्या. आणि आपल्या राज्यात दावा प्रलंबित असल्याची नोटीस दुय्यम निबंधकांकडे नोंदवावी लागते, तरच मधल्या काळात जमीन विकत घेणाऱ्यावर दाव्याचा निकाल बांधील ठरतो. हे पुष्कळ जण, काही वकीलसुद्धा, विसरतात. मृत्युपत्र निघालं तर घाबरून जाऊ नका. त्याला दोन साक्षीदार लागतात, आणि वडिलोपार्जित जमिनीत वडिलांना फक्त स्वतःच्या हिश्शापुरतंच लिहिता येतं.

तूर्त या महिन्यात तीन कागद काढून ठेवा: सातही एकरांचे सातबारा, आजोबांपासूनचे सगळे फेरफार, आणि आठ-अ (खातेदाराच्या नावावरच्या जमिनींचा उतारा). जमीन वडिलांकडे कशी आली ते फेरफारांतूनच कळेल. वारस नोंद झाली नसेल तर ती चौघांच्या नावाने आधी करून घ्या, त्याला भावाच्या सहीची गरज नाही. आणि या सगळ्या काळात तुम्ही असो की भाऊ, कुणीही आईपुढे सहीसाठी कागद ठेवला तर तो बहिणीने तिला मोठ्याने वाचून दाखवल्याशिवाय तिचा अंगठा घेऊ नका.